जुनी ओम्नी: इंजिनातला आवाज आणि स्लोची थरथर कशी शोधायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं छोटं गॅरेज आहे. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा या बाजूच्या जुन्या गाड्या माझ्याकडे येतात आणि त्यांत सगळ्यात जास्त मारुती ओम्नी. 1984 साली ही गाडी ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली, 2019 साली बनायची बंद झाली. आमच्या खेड्यांत मात्र ती रोज चालते. काजूची पोती, दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाजारकरी, रात्री-अपरात्री बेळगावला न्यायचा पेशंट, सगळे तिच्यातूनच जातात. म्हणून तिच्या मालकांनी तिचं इंजिन थोडं तरी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: “मिस्त्री, इंजिनात टक टक आवाज येऊलाय, आणि गाडी स्लोला थरथरूल्या.” स्लो म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतं ती चाल. मालकही दोन्हींचं कारण एकच धरून आलेला असतो आणि ऐकणारा फिटरही तसंच धरतो. आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची झडप, ती दाबून उघडणारा भाग, ज्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते) म्हणून टॅपेट टाइट केले जातात, आवाज जातो, थरथर राहतेच, आणि वर नवं दुखणं सुरू होतं. तेव्हा आधीच दोन वेगळे रोग धरून चला. आवाजाचा तपास वेगळा, थरथरीचा वेगळा. शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी निघाले तर चांगलंच.

खाली जे सांगतोय ते कार्बुरेटरच्या 796 सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनासाठी आहे. जुन्या मारुती 800 लाही हेच लागू. नंतरच्या एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

सुरुवात थंड गाडीपासून

गाडी घरून गॅरेजपर्यंत चालवत आणली की अर्धा पुरावा वाटेतच जातो. आवाज थंड इंजिनात येतो की गरम इंजिनात, हीच सगळ्यात मोठी खूण, आणि ती सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवताना मिळते. म्हणून पहिला तपास घरच्या अंगणातच करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. पुढची सीट उचलल्यावर इंजिन उघडं पडतं, तेव्हा शर्टाची बाही, ओढणी, पदर बेल्टपासून लांब ठेवा.

स्टार्टर मारण्याआधी ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर टॅपेट वाजणारच, पुढचं काही बघायच्या आधी ते भरा. ऑइल भरायच्या फिलर कॅपच्या आत दुधी साय दिसली म्हणून घाबरू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जी हवा असते त्यात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कॅपला ती धरते, इंजिन पुरतं तापत नाही म्हणून. पट्टीवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा, संशय घ्यायचा. रेडिएटरची कॅप मात्र गरम असताना कधीच उघडू नका.

आता स्टार्ट करा आणि नुसतं ऐका. आवाज लगेच आला का, गरम झाल्यावर गेला का, की गरम झाल्यावरच आला? रेस केल्यावर वाढतो की विरघळतो? क्लच दाबल्यावर बदलतो का? मोबाइलवर दोन्ही वेळचा आवाज भरून ठेवा. मोबाइलमध्ये भारी, खोल आवाज नीट येत नाही, पण कधी आला आणि कधी गेला ते फिटरला कळतं, तेवढं पुरे.

क्लचचं लगेच निकालात काढू. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

आवाज नेमका कुठला

लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, लाकडी मुठीचा असेल तर उत्तम. टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. व्हॉल्व्ह कव्हर, वॉटर पंपाची बॉडी, अल्टरनेटर, खाली ऑइल चेंबर, असं एक-एक करत फिरा. फिरणाऱ्या पुलीजवळ टोक नेऊ नका. जिथे आवाज सगळ्यात कोरडा, जवळचा ऐकू येतो, तिथे तो जन्मतो. बाकी ठिकाणी तो धातूतून फिरत आलेला असतो आणि घुमल्यासारखा वाटतो. पहिल्या दिवशी सगळं सारखंच ऐकू येईल. एखाद्या ठणठणीत गाडीवर आधी कान बसवा, मग फरक कळतो.

घरघर किंवा चिरचिर असेल तर फॅन बेल्ट काढून मिनिटभरच इंजिन चालवा. आवाज गेला तर दोष पंपात, अल्टरनेटरमध्ये किंवा बेल्टमध्ये. बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, तेव्हा मिनिटाच्या वर चालवू नका. आवाज तसाच राहिला आणि टायमिंग कव्हरपाशी जास्त वाटला तर टायमिंग बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग बघायला लागेल. ते ढकलत ठेवू नये, कारण ते बसलं की टायमिंग बेल्टही जातो.

टॅपेटचा आवाज बारीक, कोरडा टिक-टिक असतो आणि वरून, व्हॉल्व्ह कव्हरखालून येतो. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि खालचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, यांना जोडणाऱ्या) बेअरिंगचा आवाज खालून, जड ठक-ठक असा येतो, गाडी ओढायला लागली की वाढतो, आणि त्या सिलिंडरची प्लग कॅप काढली की दबतो. कानाला दोन्हींत गोंधळ वाटला तर टायमिंग लाइट कामाला येते. ती एका सिलिंडरच्या प्लग वायरला लावली की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा चमकते. व्हॉल्व्हही त्याच चालीने उघडतो. आवाज प्रकाशाच्या जोडीने पडत असेल तर तो वरचा. एका चमकेला दोन ठोके पडत असतील तर तो क्रँकच्या चालीचा, म्हणजे खालचा. खालचा ठोका आणि सोबत ऑइलचा दिवा लागत असेल तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी दोरीने ओढून आणा. तशी पाच किलोमीटर चालवलेली गाडी क्रँक खाऊन येते.

थंड असताना पोकळ खटखट आणि गरम झाल्यावर गायब, ही पिस्टन सैल झाल्याची खूण. जुन्या गाडीत ती वर्षानुवर्षं चालते, त्यासाठी इंजिन खोलायची घाई नको. पण हुबेहूब याच वेळापत्रकाने वागणारा दुसरा एक आवाज आहे, आणि ओम्नीत त्याच्याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे. तो म्हणजे एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटमधून सुटणारा धूर. थंड असताना चक-चक, टक-टक असा आवाज येतो, धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज बंद. दहातले नऊ जण त्याला टॅपेट समजतात.

ओळखायचं कसं ते सांगतो. इंजिन थंड असताना मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर टॉर्च मारा. फट असेल तिथे काळी, मऊ काजळी रेघेसारखी बसलेली दिसते. मग स्टार्ट करून एकाला ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन सेकंद दाबायला सांगा. जोडाजवळ फस्स आवाज वाढला की पक्कं. नट थंड असतानाच आवळायचे, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड तुटून हेडमध्ये अडकतो. गॅस्केट फुटलेलं असेल तर नुसतं आवळून भागत नाही, नवं घाला.

धोक्याचं अशासाठी की ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सुटलेला धूर थेट माणसांत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. पावसात काचा बंद करून शाळेची पोरं न्यायची आणि सीटखाली मॅनिफोल्ड गळतोय, हे मला सहन होत नाही. या दुरुस्तीला उद्यावर टाकलेलं मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

थरथर कुठल्या सिलिंडरची

आधी एक साधी गोष्ट. आवाज आणि चाल सुरळीत आहे, रेडिएटरपासून स्टीअरिंगपर्यंत सगळं नुसतं हलतंय, तर इंजिन फाउंडेशनचे रबर बघा. ते बसले की निरोगी इंजिनही अंगात आल्यासारखं वाटतं.

चालच तुटक असेल तर कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायचं. तिनातला एक गेला तर गाडी केवढी हलते ते तुम्हाला माहीतच आहे. पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये जुने कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या) गाडीत रबरी मुठीच्या पक्कडीने एक-एक प्लग कॅप क्षणभर काढा. कॅप काढल्यावर इंजिन आणखी मंदावलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॅप मोकळी सोडू नका, जुन्या प्लगात घालून प्लग बॉडीला टेकवून ठेवा, नाहीतर कॉइल किंवा मॉड्युल जायचं. एमपीएफआयमध्ये कॅपऐवजी त्या इंजेक्टरचं कनेक्शन काढलेलं बरं.

मग तिन्ही प्लग काढून ओळीने ठेवा. तपकिरी, कोरडा प्लग चांगला. काळा भुसभुशीत म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलाय का बघा. ओला तेलकट म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा फटफटीत म्हणजे हवा जास्त. कार्बुरेटरच्या गाडीत प्लगची फट 0.7 ते 0.8 मिलिमीटर, पॉइंटची 0.4 ते 0.5. संशयाचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. दोष प्लगाबरोबर फिरला तर प्लग बदला, संपलं काम. तिथेच राहिला तर पुढे चला.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) कॅप आणि प्लगच्या वायरी आधी बघायच्या. खालून उडणारं पाणी आणि कोंदट दमट हवा, यांत स्पार्क वाट चुकतो. अंधार पडल्यावर सीट उचलून इंजिन चालू करा. वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी बदला. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ असेल तर ती चीर आहे, पुसून जात नाही.

स्लोला थरथरते पण रेस दिली की गुळगुळीत चालते, असं असेल तर बहुधा कुठूनतरी जादा हवा ओढली जाते. व्हॅक्यूमचे रबरी पाइप टोकाला तडकलेले असतात, कार्बुरेटरखालचं पॅकिंग बसलेलं असतं. रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक जोडांवरून फिरवा, सूं आवाज सापडतो. पाण्याचा बारीक फवारा मारून चाल बदलते का बघता येतं. पेट्रोल किंवा क्लीनर गरम मॅनिफोल्डवर मारू नका, आग लागते. उलट स्लोला ठीक पण चढाला मिसिंग, गोव्याहून मासळी भरून चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना झटके, असं असेल तर प्लग, वायरी, कॉइल किंवा पेट्रोलचा पुरवठा धरा.

कार्बुरेटरवर सोलेनॉइड (विजेवर उघडणारी पेट्रोलची झडप) असतो. किल्ली ऑन केल्यावर त्याचा बारीक टक् ऐकू आला पाहिजे. तो येत नसेल तर स्लोचं पेट्रोलच बंद राहतं. स्लो जेट तुंबला असेल तर हवेने फुंकून साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं.

पेट्रोलबद्दल एक. 2023 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आपल्या जिल्ह्यातला ऊस त्या इथेनॉलला लागतो, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल ओल धरतो आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बुरेटरमधली पॅकिंग फुगतात, भेगाळतात. जुन्या ओम्नीत हे रबर नव्या पेट्रोलला चालणारं घालून घ्या आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

गप्प टॅपेट

हे सगळं बघूनही एक सिलिंडर लुळा राहिला तर आपण मुख्य जागी आलो. एक गाडी सांगतो.

जांबोटीकडची ओम्नी, गॅस किट बसवलेली, जास्त करून एलपीजीवरच चालणारी. सकाळी टक-टक, गरम झाल्यावर थरथर. थंड असताना चाल अगदी सुरेख. आवाज मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा निघाला, वर सांगितलेली काजळीची रेघ होती. पण थरथर त्याची नव्हे, कारण ती आवाज थांबल्यावर सुरू व्हायची. प्लग, वायरी, पॉइंट, व्हॅक्यूम, सगळं ठीक. मधला सिलिंडर गरम झाल्यावर दम सोडत होता. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला तर तो फडफडताना मध्येच आत ओढला जायचा. ही एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची खूण.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते, गरम इंजिनात तपासायचं. गॅसचा कॉक बंद, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी दमदार. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टरचे पाच-सहा दणके द्या आणि आकडे लिहा. नेमक्या आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर दोष आहे. कमी पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत तपासा. आकडा चढला तर रिंग, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट. या गाडीत मधलाच कमी होता आणि ऑइल घालूनही तसाच राहिला.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर कव्हर काढलं. मधल्या सिलिंडरच्या एग्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलर गेजची (फट मोजायच्या पत्त्यांची) 0.05 मिलिमीटरची पत्तीसुद्धा शिरेना. फट उरलीच नव्हती. एलपीजी कोरडा जळतो, पेट्रोलसारखा ओलावा व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कडीला) मिळत नाही, त्यामुळे ती सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. तो वर आला की टॅपेटची फट वाढत नाही, कमी होते. म्हणून आवाज येत नाही. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दम सुटतो. जास्त रेसला दम सुटायला वेळ मिळत नाही, म्हणून थरथर फक्त स्लोला. असाच चालवला तर गरम धुराने व्हॉल्व्हची कड जळून तुकडा पडतो.

वाजणारा टॅपेट फार तर कानाला त्रास देतो. गप्प झालेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. आवाज घालवायला टॅपेट अंदाजाने टाइट करणाऱ्या फिटरला म्हणून मी हात जोडून सांगतो, पत्ती घालूनच आवळ.

फट लावायची तर गाडी टॉप गिअरला टाकून हळू ढकला म्हणजे क्रँक फिरतो. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर त्या सिलिंडरच्या टोकाकडे असला की त्याचे दोन टॅपेट लावा. फायरिंगचा (सिलिंडर पेटायचा) क्रम 1-3-2 आहे, म्हणून पुढे 240 अंश फिरवून तिसरा, परत 240 फिरवून दुसरा. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे दिलेत, त्यातलाच आपल्या इंजिनाला लागू असलेला धरा. पत्ती घासत, किंचित अडत जायला हवी. लॉक नट आवळल्यावर परत एकदा पत्ती घाला, कारण आवळताना स्क्रू हमखास फिरतो. मगच पॉइंट, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बुरेटरचा एअर स्क्रू. स्लो साधारण साडेआठशे ते साडेनऊशे आरपीएमवर ठेवा. एअर स्क्रूने आधीचे दोष झाकायला गेलात तर पेट्रोल जास्त जाईल आणि थरथर महिन्याभरात परत येईल.

त्या गाडीचा व्हॉल्व्ह वेळेत सापडला, फट दिल्यावर गरम कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या जवळ आलं आणि स्लो बसला. गॅसवरच्या गाडीचे टॅपेट मी दर दहा हजार किलोमीटरला तपासायला सांगतो, आवाज असो वा नसो. रोज थोडा वेळ पेट्रोलवर चालवा.

फट देऊनही कॉम्प्रेशन आलं नाही तर हेड उतरवावं लागेल. हेडचं काम बेळगावात उद्यमबागेतल्या वर्कशॉपांत होतं, तिथे मशीन आणि हात दोन्ही चांगले आहेत. नुसतं व्हॉल्व्ह घासून देतो म्हणाले तर गॅसची गाडी आहे हे आवर्जून सांगा आणि सीट खोल गेल्या असतील तर कठीण धातूच्या नव्या सीट मागा. हेडची फेसिंग (ब्लॉकवर टेकणारी सपाट बाजू) तपासून घ्या, व्हॉल्व्ह सील नवे घाला. परत मिळाल्यावर तिथल्या तिथे हेड उलटं धरून प्रत्येक खोलगटात थोडं पेट्रोल ओता आणि दहा मिनिटं थांबा. पोर्टच्या बाजूला ओल आली तर पैसे द्यायच्या आधी परत करायला लावा. गाडीत आणताना हेडखाली लाकडी पट्ट्या किंवा पोतं घाला आणि फेसिंगची बाजू कशावरही घासू देऊ नका.